मिस्त्रींचे कान

आमच्या ह्यांना अख्खं जालना मिस्त्री म्हणायचं. मस्तगडात आमचं घर, आणि घरापुढच्या अंगणातच पत्र्याचं गॅरेज. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवायचे. दुपारी घरी आले की आधी अंगणातल्या जीपा आणि टेंपोंमधून वाट काढायची, मग चूल. जालना जिल्हा होऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली असतील.

ह्यांची सगळी मिजास कानांवर होती. गाडी फाटकातून आत येईपर्यंत निदान झालेलं असे. ड्रायव्हर तक्रार सांगायला तोंड उघडायचा आणि हे म्हणायचे, "राहू दे. बेअरिंग गेली पुढची." भोकरदन-अंबडकडून लोक यायचे ते त्या कानांसाठी. "मीटर खोटं बोलंल, कान न्हाई बोलत," असं हे गिऱ्हाइकांना ऐकवायचे, आणि गिऱ्हाइकं माना डोलवायची.

त्या वर्षी मी स्वयंपाकघरातून हाक मारली की 'ओ' येईनासा झाला. मला आधी वाटलं, लग्नाला अठरा वर्षं झाली, आता मुद्दामच ऐकत नसतील. पण रेडिओही मोठा होत चालला. कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या तरी हे शेजारी बसून पेपर वाचत असायचे. एकदा मी म्हणाले, "अहो, दवाखान्यात दाखवून घ्या एकदा." दोन दिवस ह्यांचं ताट तसंच झाकून राहिलं. मी पुन्हा विषय काढला नाही. कान गेले तर मिस्त्री गेले, हे मलाही कळत होतं आणि त्यांनाही.

अशात वकीलसाहेबांची गाडी आली. वकीलसाहेब सत्तरीचे, कोर्ट सोडलेले, बोलायला फार मऊ. त्यांची गाडी म्हणजे दोनच माणसं बसतील अशी, उघड्या टपाची, विलायती. त्यांच्या वडिलांनी हैदराबादच्या कुण्या जहागीरदाराकडून घेतलेली. इतकी बुटकी की आमच्या गल्लीतली पोरं तिला बेडूक म्हणायची. निघताना तिच्या मागून 'टक' व्हायचं आणि वेग घेतला की 'हूंऽऽ' असा एकसारखा आवाज निघायचा. तो आवाज तेव्हा फार मोठा होता, ह्यांनाही आला.

"डिफरन्शियल खलास झालंय साहेब," हे म्हणाले. मागच्या दोन चाकांच्या मधोमध लोखंडी गोळा असतो, इंजिनाची ताकद दोन्ही चाकांना वाटून देणारा. त्यातले दात झिजले होते. त्या गाडीचा माल जालन्यात कुठला मिळायला? हे तीनदा एसटीनं हैदराबादला गेले. तिसऱ्या खेपेला भंगार बाजारातून दातेरी चक्रांची जुळणारी जोडी घेऊन आले, पोत्यात गुंडाळून, रात्रभर मांडीवर ठेवून. माझ्या बाळंतपणाला आले होते तेव्हासुद्धा इतक्या जपून काही आणलं नव्हतं.

मग आठ दिवस नुसती जुळवाजुळव. त्या गोळ्याच्या दोन्ही बाजूंना कागदासारख्या पातळ चकत्या घालतात. कुठल्या बाजूला किती जाड, त्यावर दात दाताला नीट बसतो की नाही ते ठरतं. हे शेंदूर तेलात कालवून दातांना लावायचे, चाक हातानं फिरवायचे आणि घासल्याचा डाग कुठं उमटला ते वाकून बघायचे. नाही जमलं की पुन्हा सगळं खोला. अष्टमीच्या संध्याकाळी डाग बरोब्बर दाताच्या मधोमध उमटला. ह्यांनी मला हाक मारून दाखवला. मला काही कळलं नाही, पण मी "वा" म्हणाले. मग शेंदूर पुसायला आणि नवं सील बसवायला म्हणून त्यांनी सगळं परत सोडवलं. डाव्या बाजूच्या तीन चकत्या एका कागदावर, उजव्या बाजूच्या तीन दुसऱ्या कागदावर, वर एकेक दगड.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी. त्या दिवशी पाने, पक्कडी, जॅक सगळं धुऊन पुजायचं आणि दसरा होईपर्यंत कशाला हात लावायचा नाही. धुणं-मांडणं माझ्याकडे. हे झेंडू आणायला बाजारात गेले होते. मी रॉकेलच्या घमेल्यात एकेक पाना घासून काढला. मग त्या सहा चकत्या दिसल्या, तेलानं काळ्या झालेल्या. घरातली मोडकी पक्कड पुजायची आणि हैदराबादेहून मांडीवर आणलेल्या गाडीच्या चकत्या तशाच ठेवायच्या, हे माझ्या मनाला पटेना. मी त्या धुतल्या, लखलखीत पुसल्या आणि ताम्हणात सुपारीभोवती गोल मांडल्या. फार छान दिसत होत्या. पूजा करताना हे पाया पडले, पण ताम्हणात काय आहे ते फुलांखाली त्यांना दिसलं नाही. दसऱ्याच्या संध्याकाळी मी तीन इकडच्या कागदावर आणि तीन तिकडच्या कागदावर ठेवून दिल्या. मला वाटलं, चकती म्हणजे चकती.

ह्यांनी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी गोळा जोडला. पुन्हा शेंदूर लावून बघितला नाही, कारण ते झालेलं होतं.

"चल," मला म्हणाले, "राजूरच्या गणपतीला नारळ फोडून येऊ. गाडीची ट्रायलबी होईल." अठरा वर्षांत ह्यांनी मला गिऱ्हाइकाच्या गाडीत कधी बसवलं नव्हतं. मी डोक्यावरून पदर घट्ट धरून बसले. शहर मागं पडलं, ह्यांनी वेग घेतला आणि मागून सुरू झालं, हूंऽऽ. पहिल्यापेक्षा बारीक, पण स्पष्ट. वेग वाढला की तोही वाढे.

हे हसत होते. "येतो का आवाज?"

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं. कित्येक महिन्यांत ते असे हसले नव्हते.

"न्हाई," मी म्हणाले.

"बिलकुल न्हाई!" ह्यांनी स्टिअरिंगवर थाप मारली.

मी त्यांच्या आनंदासाठी खोटं बोलले, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत आले. ते अर्धंच खरं आहे. राजूरची वेस यायच्या आत मला ते ताम्हण आठवलं होतं, आणि मला माझी चूक झाकायची होती.

गाडी परत दिल्यावर आठवड्यानं वकीलसाहेब ती घेऊन आले. "मिस्त्री, अजून थोडा आवाज आहे हो," खालच्या आवाजात म्हणाले. हे गाडी घेऊन एक चक्कर मारून आले. "कायबी न्हाई साहेब. वय झालं, कान वाजत असतील तुमचे." वकीलसाहेब बिचारे मान हलवून गेले. एवढा मोठा माणूस, तो खरोखर औरंगाबादला जाऊन कान तपासून आला. पंधरा दिवसांनी पुन्हा अंगणात उभा. "डॉक्टर म्हणाले, कान चांगले आहेत."

अंगणात तेव्हा तीन-चार ड्रायव्हर होते. ह्यांचा चेहरा तापला. गाडीचा मागचा भाग घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर, उचलला, इंजिन चालू करून गिअर टाकला, चाकं हवेत फिरू लागली. लांब पेचकसाचं टोक गोळ्याला टेकवून मूठ कानाला लावली, आणि डोळे मिटून ऐकत बसले. आवाज मला स्वयंपाकघराच्या दारापर्यंत येत होता. ड्रायव्हर एकमेकांकडे बघत होते.

"न्हाई आवाज," हे डोळे उघडून म्हणाले. "कुणाला येतो सांगा."

एक ड्रायव्हर पाठ फिरवून बिडी शिलगावू लागला. ते मला सहन झालं नाही. मी तशीच बाहेर आले आणि सगळ्यांसमोर सांगून टाकलं. "चूक माझी हाय. नवमीला मी चकत्या धुतल्या, हे बाजारात गेल्ते तवा. इकडच्या तिकडं झाल्या. ह्यांच्या कामात खोट न्हाई साहेब. आवाज हाय, मी राजूरला जातानाच ऐकला व्हता."

मला वाटलं, मी ह्यांना वाचवलं. आता ओरडतील, चारचौघांत मला बोलतील, आणि मिटेल. हे ओरडले नाहीत. पेचकस हातात तसाच.

"मंग मला ऐकू का न्हाई आलं?" ते म्हणाले.

वकीलसाहेबांनी वाकून गाडीची चावी फिरवली. चाकं थांबली. ड्रायव्हर काहीतरी कामं आठवून निघून गेले.

ह्यांनी चकत्या नव्यानं मोजून, शेंदूर लावून, दोन दिवसांत गोळा बरोबर बसवला. हातात काही कमी नव्हतं. वकीलसाहेब आले, गाडी पुन्हा घोड्यांवर चढवली, चाकं फिरू लागली. ह्या वेळी ह्यांनी पेचकस माझ्या हातात दिला. "तू ऐक."

मी मूठ कानाला लावली. आत नुसती चाकं फिरल्याची सळसळ. हुंकार गेला होता, पार गेला होता.

"न्हाई आवाज," मी म्हणाले.

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मग वळले, आणि वकीलसाहेबांना म्हणाले, "साहेब, तुमी सांगा."