आज पोदेराचा भोंपू वाजला नाही

मंडळी, आज सकाळी आमच्या कोरगावच्या वाड्यावर, या लहानशा वस्तीत, पाववाल्या पोदेराचा भोंपू वाजलाच नाही. चहा निवत चालला होता. सासूबाई अंगण झाडत होत्या. मी वैतागून फाटकापाशी गेले, त्याला हाकच मारणार होते.

तर पोदेर वळणावर सायकल धरून उभा, भोंपू वाजू नये म्हणून त्याच्या तोंडावर हात धरून. त्याच्या पुढ्यात गवे आमची पाणंद ओलांडत होते. शेवटी एक वासरू आणि त्याची आई.

पूर्वी गवे काजूच्या डोंगरावरून, माथ्यावरच्या मोकळ्या सड्यावरून थेट ओहोळावर उतरायचे. आता सड्यावर प्लॉटांच्या भिंती झाल्यात. पाण्याकडे जायला त्यांना आमची पाणंदच उरली आहे.

गवे गेल्यावर तो आला. म्हणाला, "भोंपू वाजवलो असतो तर वासरू बिथारला असता, वयनी. तेची आवस सरळ तुमच्या आंगणात शिरली असती."

सासूबाईंनी केरसुणी खाली ठेवली आणि त्याला बसवून चहा दिला. पाव गार झाले होते. कुणी कुरकुरलं नाही.

उद्या भोंपू वेळेवर वाजला नाही, तर मी आधी सासूबाईंना अंगणातून घरात बोलवीन. तुमच्या वाड्यावर जनावरं कुठून उतरतात? आणि तेव्हा तुमच्यासाठी कोण थांबतं?