दसऱ्याच्या सकाळी नानांच्या नावाने झालेलं लॉगिन

"ताई, नानानंच केलं," आबा फोनवर म्हणाले. आवाज इतका पडलेला, की मला आधी वाटलं कोणी गेलंबिलं की काय.

दसऱ्याची सकाळ होती. मी धुळ्यात, देवपूरच्या घरी, पांढरी साडी नेसून विहारात निघालेली. आमच्याकडे हा दिवस धम्मचक्र प्रवर्तनाचा. या दिवशी क्लायंटचा फोन घ्यायचा नाही, असं मी आईला कबूल केलेलं. पण आबांच्या फोनच्या आधीच माझा मोबाइल वाजून गेला होता. मेसेज मीही वाचला होता आणि रावेरला आबांनीही: नानांच्या युजरनेमने सर्व्हरवर लॉगिन. नानांच्याच कॉम्प्युटरवरून. उद्याच्या कापणीची फाईल उघडली.

"आज सण शे ना, ठेव तो फोन," आई दारातून म्हणाली.

"आई, तू हो पुढे. मी आलेच." मी चपला काढल्या आणि परत आत आले. आईने ज्या नजरेने बघितलं, ते इथे लिहीत नाही.

आबांचा रावेरला केळीचा व्यापार. शेतकऱ्याची बाग तयार झाली की यांचे मजूर जाऊन माल कापतात, पॅकिंग करतात आणि ट्रक उत्तरेकडे सुटतो. कोणाची बाग कोणत्या दिवशी कापायची, हे एक-दोन दिवस आधी नाना ठरवतात आणि ऑफिसच्या सर्व्हरवर टाकतात. सर्व्हर म्हणजे ज्यावर सगळ्यांचं काम साठतं तो मुख्य कॉम्प्युटर. आणि नाना म्हणजे त्या ऑफिसातला सगळ्यात जुना माणूस. आबांचा मुलगा हर्षल, आता तिथला मॅनेजर, लहानपणी यांच्याच सायकलच्या दांडीवर बसून शाळेत गेलेला.

त्या हंगामात भलताच प्रकार सुरू झाला होता. आबांचा ट्रक बागेत पोचावा, तर दुसऱ्या व्यापाऱ्याचा ट्रक तिथे आधीच उभा. शेतकरी तरी काय करणार? माल तयार आहे, गाडी दारात आहे, दिला माल. एकदा झालं असतं तर योगायोग म्हटला असता. पण हे वरचेवर व्हायला लागलं. वेळापत्रक फुटत होतं, हे उघड होतं.

हर्षलचं गणित सरळ होतं. वेळापत्रक नाना करतात, म्हणजे फोडतातही नानाच. आबांना हे पटत नव्हतं आणि खोडताही येत नव्हतं. कॉम्प्युटरची सुरक्षा बघणं हे माझं काम, म्हणून त्यांनी मला बोलावलं.

मी त्यांच्या सर्व्हरवर होस्ट-बेस्ड इंट्रूजन डिटेक्शन बसवलं. नाव ऐकून घाबरू नका. फायरवॉल असतो तो गेटवरचा वॉचमन. कोण आत येतं तेवढं बघतो. हे सॉफ्टवेअर घरातच बसतं. ते आधी सर्व्हरवरच्या महत्त्वाच्या फाईल्सचे ठसे घेऊन ठेवतं. या ठशांना बेसलाइन म्हणतात. मग कुठली फाईल बदलली, कोण लॉगिन झालं, काय उघडलं, यावर लक्ष ठेवतं आणि वेगळं काही दिसलं की मेसेज पाठवतं. चोराला ते अडवत नाही. बोंब मारतं.

आणि सुरुवातीला फारच बोंब मारतं. कुठलं रोजचं आणि कुठलं वेगळं, हे त्याला शिकवावं लागतं. आबांनी हट्टाने मेसेज स्वतःच्या मोबाइलवरही घेतले होते. त्या पहिल्या आठवड्यात त्यांनी माझा जीव खाल्ला. "ताई, चोर आला!" "आबा, ते बॅकअप आहे." "ताई, आता आला!" "आबा, ते अपडेट आहे." शेवटी म्हणाले, "तुमचं हे यंत्र माह्या सासूसारखं हाये. भांडं वाजलं का वरडते." मी नियम जरा सैल केले.

नाना मात्र हसत नव्हते. मी गेले की खुर्ची पुसून द्यायचे, चहा मागवायचे, पण बोलणं आखडतं घेतलेलं. एका दुपारी ऑफिसात कोणी नाही असं बघून त्यांनी विचारलंच.

"ताई, खरं सांगजा. हे माह्यावरच नजर ठेवाले बसवलं ना?"

मला खोटं बोलवेना. "तुमच्यावरपण, नाना. सगळ्यांवर. माझ्यावरसुद्धा."

"ठेवा," ते म्हणाले. "पन चांगली ठेवा. अर्धवट नका ठेवू."

त्या माणसावर माझा फार जीव जडला तो तेव्हापासून. काम करताना अशी माया लागू देऊ नये म्हणतात. लागली, काय करणार?

दसऱ्याच्या आधी सुट्ट्यांचे नियम टाकायला मी रावेरला गेले, तेव्हा नानांनी नवाच मुद्दा काढला. दसऱ्याला यंत्रांची पूजा. त्या दिवशी कोणी यंत्राला हात लावत नाही. तेव्हा सर्व्हरही बंद ठेवायचा.

"नाना, सर्व्हर बंद नाही करायचा."

"एक दिवस तं त्यालेबी आराम द्या."

बरीच घासाघीस झाली. शेवटी ठरलं ते असं: सर्व्हर चालू राहील, त्याच्या कपाटाला बाहेरून हळदकुंकू लागेल, पंख्याच्या जाळीत अक्षता जाणार नाहीत. टेबलांवरचे कॉम्प्युटरही चालू राहतील, कारण प्रत्येक स्क्रीनवर सरस्वतीचं चित्र लावायची त्यांची पद्धत होती. मात्र सगळे कीबोर्ड आणि माऊस काढून, पुसून, पूजेच्या टेबलावर मांडायचे. दुसऱ्या दिवशी नारळ फुटेपर्यंत तिथून कोणी उचलायचे नाहीत. मग मीही नियम लिहिला: दसऱ्याला कोणाचंही लॉगिन झालं, तर लाल मेसेज.

आणि आता तो लाल मेसेज आला होता.

"आबा, तुम्ही कुठे आहात?" मी विचारलं.

"अंगनात. ट्रॅक्टरची पूजा करून राह्यलो. हर्षल हाये संगं. नाना आत एकटाच हाये ना, ताई. हर्षल म्हन्ते, आत्ताच्या आत्ता घरी पाठवू."

"कोणाला कुठे पाठवू नका. व्हिडिओ कॉल करा आणि आत चला."

कॉल लागला. अंगण, ट्रॅक्टरचा झेंडूचा हार, आबांचा अंगठा, पुन्हा अंगण. हर्षल पुढे धावत आत शिरला. त्याचा आवाज आधी ऐकू आला.

"नाना! कीबोर्डवरून हात काढा आधी!"

नाना जमिनीवर उकिडवे बसून रांगोळी घालत होते. त्यांनी मान वर केली. बोटं पांढरी, कपाळाला गंध.

"कोनता कीबोर्ड रे बावा? बठ्ठे तं इथं हायेत."

आबांनी मोबाइल फिरवला. पूजेच्या टेबलावर पांढरं कापड, त्यावर ओळीने सगळे कीबोर्ड, प्रत्येकावर एक झेंडू. माऊस वायरी गुंडाळून शेजारी. हर्षल तिथेच थांबला.

"आबा," मी म्हटलं, "नानांचा स्क्रीन दाखवा. लवकर."

आबा टेबलांपर्यंत गेले. बाकी सगळ्या स्क्रीनवर सरस्वती. नानांच्या स्क्रीनवरून ती गेली होती. कापणीचं वेळापत्रक उघडं होतं आणि माऊसचा बाण आपोआप फिरत होता. एका ओळीवर थांबला, खाली सरकला, पुन्हा थांबला. निवांत, पेपर वाचल्यासारखा.

आबा पुटपुटले, "देव पावला का भूत?"

"भूत नाही, माणूस आहे. बाहेरून कोणीतरी नानांचा कॉम्प्युटर चालवतंय. हर्षलभाऊ, तुमच्या मोबाइलवर याचा व्हिडिओ घ्या." त्याने घेतला. "झालं? आता मागची नेटवर्कची वायर ओढा."

हर्षल पुढे झाला, तेवढ्यात नानांनी त्याला अडवलं.

"आज यंत्राले हात नही लावत."

मी कपाळावर हात मारला. इथे या माणसाची अब्रू चालली होती आणि याला दसऱ्याचं पडलं होतं! "नाना, प्लीज!"

आबांनी निकाल दिला. "वायरले कुठं कुंकू लावलं? वायर काई यंत्र नही. वढ रे."

नानांनी क्षणभर विचार केला. मग स्वतःच वाकले, कॉम्प्युटरला हात जोडले आणि वायर ओढली. बाण जागच्या जागी थिजला.

दुसऱ्या दिवशी नारळ फुटल्यावर मी रावेरला पोचले. शोधायला फार वेळ लागला नाही. जुनं सॉफ्टवेअर देणाऱ्या माणसाने कधीतरी दुरुस्तीसाठी नानांच्या कॉम्प्युटरवर रिमोट सपोर्टचा प्रोग्राम टाकला होता. म्हणजे लांब बसून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायची सोय. काम झालं, प्रोग्राम तसाच राहिला. नानांचा पासवर्डही त्या कॉम्प्युटरवर सेव्ह केलेला. तो माणूस आता त्याच दुसऱ्या व्यापाऱ्याकडे नोकरीला होता. प्रोग्रामच्या नोंदींप्रमाणे इतर दिवशी तो नाना जेवायला गेले की शिरायचा, आणि सर्व्हरला वाटायचं, नानाच आहेत. दसऱ्याला ऑफिसात कोणी नसेल असं त्याने धरलं असावं. आबांनी व्हिडिओ जोडून पोलिसांत तक्रार दिली. मी प्रोग्राम काढला, पासवर्ड बदलले आणि जे सर्व्हरवर बसवलं होतं ते प्रत्येक टेबलावरच्या कॉम्प्युटरवरही बसवलं. त्यानंतर आबांचा ट्रक बागेत पोचला की तिथे फक्त केळी असतात.

लॉगवरचं, म्हणजे सर्व्हरच्या नोंदवहीतलं, नाव हे युजरनेम असतं. त्यामागे कोण बसलंय हे लॉगला कळत नाही, ते आपण जाऊन बघायचं असतं. मी हे दर ट्रेनिंगमध्ये सांगते.

पण त्या दिवशीचं खरं काम माझ्या यादीत नव्हतंच. मी लॅपटॉप आवरत होते. हर्षल आपट्याची पानं घेऊन नानांच्या टेबलाजवळ आला. पाया पडला. "नाना, चुकलं माझं."

नानांनी पानं घेतली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "मले काहून सांगतं? मी तं इथंच होतो, मले ठावं होतं मी चोर नही. माह्या घरी जाय. तुह्या काकूले सांग. तू संशय घेतला हे गावातून तिच्या कानी गेलं, तवापासून ती शेजारीपाजारी गेली नही."

हर्षलने मोटारसायकलची किल्ली उचलली आणि निघाला. आबा खिडकीत उभं राहून तो दिसेनासा होईपर्यंत बघत होते. मी चार्जरची वायर गुंडाळत बसले.

आमच्या कामात खोट्या अलार्मला फॉल्स पॉझिटिव्ह म्हणतात. स्क्रीनवर तो एका बटणाने पुसता येतो. माणसावर लागलेला पुसायला त्याच्या घरी जावं लागतं, आणि तेही गावाच्या देखत, दिवसाढवळ्या.