मुलुंडच्या भिंतीवरचं डुमडुमा

मुलुंडच्या आमच्या चाळीत सावित्रीमावशींच्या भिंतीवरचं घड्याळ कायम एक तास पुढे असायचं, आणि ते मुद्दाम तसं लावलेलं होतं. त्यांचा एकुलता एक मुलगा वसंता आसामात, डुमडुमा नावाच्या गावी, चहाच्या मळ्यात कारकून होता. मळेवाल्यांनी तिथे आपली वेगळी वेळ चालवली होती, सरकारी वेळेच्या तासभर पुढची. मावशी राहायच्या मुलुंडला आणि वेळ पाळायच्या डुमडुम्याची. इथली वेळ हवी असली की मनातल्या मनात एक तास वजा करायच्या.

वसंताच्या पत्रांवरून मावशी दोन्ही गावांची तुलना करीत. "तिकडे पाहुणा आला की आधी सुपारी पुढे करतात, मग काय काम ते विचारतात. आपल्याकडे आधी काम विचारतात, आणि सुपारी राहूनच जाते." तिकडे सूर्य लवकर उगवतो म्हणून माणसं सावकाश बोलतात, असाही त्यांचा सिद्धांत होता. "मुलुंडला तो उशिरा पोचतो ना, म्हणून सगळे धावतात."

मी तेव्हा बावीस वर्षांचा होतो, आणि जगातला कुठलाही प्रश्न माझ्या मते सोळा पानांत निकालात निघत असे. मुंबईचा वेगळा टाइम नुकताच मोडीत निघाला होता. मग मळेवाल्यांचा का राहावा? मी 'घड्याळातील साम्राज्यशाही' ही पुस्तिका छापली. मजुराला तासभर आधी उठवणारं ते घड्याळ माझ्या शेजारच्याच खोलीत टिकटिकत होतं. मावशींना मी पुस्तिका वाचून दाखवली. चौथ्या पानावर त्यांनी विचारलं, "तू सकाळी किती वाजता उठतोस रे?"

मी नऊला उठत असे. ते पुस्तिकेत नव्हतं.

त्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. मी औषध घेऊन गेलो तेव्हा त्या झोपल्या होत्या. डुमडुम्याचे मजूर मुक्त करण्याची इतकी सोपी संधी पुन्हा येणार नव्हती. स्टुलावर चढून मी काटे एक तास मागे घेतले.

तीन दिवसांनी ताप उतरल्यावर मी अभिमानाने ते सांगून टाकलं. मग त्यांच्याकडून कळलं ते असं: वसंता कामावरून सुटला की पाचच्या ठोक्याला चहा घेई, आणि त्याच ठोक्याला मावशी इकडे. चार वर्षं मायलेकांची रोजची भेट तेवढीच. तापातसुद्धा त्या उठून कपभर चहा करीत होत्या.

"म्हणजे तीन दिवस तो एकटाच प्यायला," त्या म्हणाल्या.

माझ्याकडे शब्द चिकार होते, पण सगळे छापील. मी पुन्हा स्टुलावर चढलो. मावशींनी खालून स्टूल धरलं. "मळ्याच्या मॅनेजरचं घड्याळ लांब पडलं," त्या म्हणाल्या, "म्हणून माझं धरलंस होय?"

पुढच्या वर्षी वसंता त्यांना तिकडे घेऊन गेला. महिन्याभराने पत्र आलं. तब्येत, मळा, सुपारी, आणि शेवटी दोन ओळी: "माझ्या खोलीतलं घड्याळ तासभर मागे, मुलुंडच्या वेळेला लावलंय. त्यात चार वाजले की मी चहा घेते. तूही लिहिणं थांबवून घेत जा."

म्हणजे त्या मळ्यात देशाची वेळ दाखवणारं एक तरी घड्याळ लागलं. माझ्या पुस्तिकेचा त्यात काडीचाही हात नव्हता. चारला मी लेखणी खाली ठेवतो. पुस्तिकांचा न खपलेला गठ्ठा कप ठेवायला बरोबर उंचीचा आहे.