एक्कावन्न ताटं

जुईचं पिणं थांबलंय, पण ओठ अजून सोडत नाहीत. दुपारचे तीन. मी कुशीवर, डावा हात तिच्या डोक्याखाली, मुंग्या येऊन बधिर झालेला. हलले तर ही जागी होईल. म्हणून मीही डोळे मिटून घेते. डोक्यात सकाळचं भांडण चालूच.

उद्या हिचा पहिला वाढदिवस. पन्नास माणसं जेवायला. नितीन म्हणतो, कागदी ताटं आणू, दुकानदाराला पाचपर्यंत कळवायचंय. मी म्हणते, त्या कागदाला आतून प्लास्टिक असतं. माळ्यावर मावशीची एक्कावन्न स्टीलची ताटं पडून आहेत, ती काढू. नितीन म्हणतो, टँकरचं पाणी त्यात घालवायचं का? सासूबाई म्हणतात, "काढ ना बाई. तुझं पर्यावरण, तूच घास."

तुझं पर्यावरण. जसं काही मी ते माहेराहून आणलंय.

खर्र. खर्र. बाल्कनीत कुणीतरी भांडी घासतंय. आमच्या बाल्कनीत नळ नाही.

मी उठते. हात जुईच्या डोक्याखालीच राहतो, तरी मी उठते. बाल्कनीचं दार ढकलते तर पुढे भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमधली मोरी. पाटावर हौसामावशी बसलीय, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचून. माझ्या आईची थोरली बहीण. तिला जाऊन तीन वर्षं झाली.

"ये, रेवे. उभी काय राहिलीस?"

"मावशी, तू तर..."

"गेले ना. म्हणून काय ताटं आपोआप घासली जातात?"

ती नारळाच्या शेंडीनं राख चोळते, कोरडीच. मग एक तांब्या पाणी, संपलं. ताटाच्या काठावर कोरलेलं दिसतं: हौसाबाई, ५१. म्हणजे शेवटचं ताट. अख्ख्या क्वार्टरमध्ये कुणाचं बारसं असो, कुणाचा दहावा असो, ही ताटं बिनभाड्यानं वापरायला जायची. मी तिच्याशेजारी बसते. एक ताट घासून पालथं घालते. पुढचं उचलते, त्यावरही ५१. त्याच्या पुढच्यावरही.

मोरीची भिंत आता नाहीये. समोर आमच्या सोसायटीचा हॉल, पताका लावलेला. सगळे जेवतायत. नितीन माईक घेऊन उभा आहे. "आमच्या घरी आम्ही निसर्ग जपतो," तो म्हणतो. टाळ्या. उष्टी ताटं घसरत घसरत माझ्या पायाशी येतात. कुठूनतरी जुईचं रडणं ऐकू येतं आणि माझे दोन्ही हात राखेत.

"त्याला हात नाहीत का गं?" मावशी विचारते.

"आहेत. त्यात मोबाईल असतो."

मावशी फिस्सकन हसते. मला हसू येत नाही.

"मावशी, तुझ्याकडे सगळे आपापलं ताट घासायचे ना? मी घरात हेच सांगत असते. आमच्या मावशीकडे पुरुषसुद्धा घासायचे."

"कोण घासायचं?"

"सगळेच. काका, ते शेजारचे गार्डसाहेब..."

"तू सात वर्षांची होतीस. चकचकीत ताटं रांगेनं वाळत ठेवलेली बघितलीस तू. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत इथं कोण बसलेलं असायचं, ते नाही बघितलंस."

तिची बोटं बघते. सांध्यांना गाठी आलेल्या, नखांच्या कडा काळ्या. या बोटांनी ती मला केळ्याची शिकरण भरवायची.

"मग केलंस कशाला?" माझा आवाज चढतो. "कुणी सांगितलं होतं?"

"माझ्या रंजीच्या लग्नात थर्माकोलची ताटं आणली होती. दुसऱ्या दिवशी मागं नाल्यापाशी पेटवली. काळा धूर घरभर. अंगाची हळद उतरली नव्हती, आणि पोरगी सासरी निघाली ती खोकत. तेव्हा ठरवलं, माझ्या घरच्या जेवणाचा असा धूर परत निघणार नाही. पर्यावरण-बिर्यावरण तुमचं. मला ते ठाऊक नव्हतं."

"मग तुझं बरोबरच होतं की."

"ठरवलं ते बरोबर. पण एकटीनंच ठरवलं, अन् एकटीनंच घासलं. कुणाला म्हटलं नाही, ये, बस, चोळ. भीती वाटायची, म्हटलं तर ताटंच बंद होतील."

"झाली असती बंद."

"झाली असती. पण मी गेल्यावर झालीच ना, रेवे?"

हॉल रिकामा. मग त्याच्या जागी रेल्वेचा फलाट, त्यावर उन्हात पालथी ताटं, पार टोकापर्यंत. मावशी पाटावरून उठते, कंबर धरून. माझी उजवी मूठ उघडते, त्यात चिमूटभर राख ठेवते आणि बोटं एकेक करून मिटवते.

"ही तुला नाही. तो माईकवाला आहे ना, त्याला दे."

"आणि त्यानं नाही घेतली तर?"

"तर जेवा कागदावर. वाईट वाटेल, वाटू दे. पण त्याला विचारल्याशिवाय तू कंबर मोडून घेऊ नकोस. पोरगी रडतेय बघ."

जुई खरंच कुरकुरतेय. पंखा फिरतोय. डाव्या हातात सुयांसारखं टोचत रक्त परत येतंय. मी तिला थोपटते. शांत होते माझी बाय. दारात नितीन, फोन छातीला धरून, हळू आवाजात: "दुकानदार आहे. पाच वाजतायत. काय सांगू?"

"नको म्हणून सांग."

"अगं, पण घासणार कोण?"

"हात पुढे कर."

"काय?"

"कर ना."

तो फोन खांद्याशी दाबून हात पुढे करतो. मला तेव्हा कळतं की माझी उजवी मूठ अजून मिटलेलीच आहे. ती मी त्याच्या तळहातावर उघडते. करडी, मऊ, थोडी कोमट राख.

आमच्या घरात चूल नाही.

नितीन राखेकडे बघतो, माझ्याकडे बघतो. फोनमधून "हॅलो, हॅलो" ऐकू येतं.