गिझर पेटेना तेव्हा

थंडीतली सकाळ होती. बाबांच्या अंघोळीसाठी मी नळ सोडला. गॅस गिझर टिकटिक करू लागला, पण पेटेना. सेल बदलले, सिलिंडर हलवून पाहिला, रेग्युलेटर काढून पुन्हा बसवला. टिकटिक चालू, ज्योत नाही.

बाबा बाथरूमच्या दाराशी शाल पांघरून खुर्चीत बसले होते. हा गिझर त्यांनीच बसवलेला. तो रुसला की पान्हा घेऊन तेच आत जायचे आणि पाच मिनिटांत हात पुसत बाहेर यायचे. काय केलंत, असं आम्ही कधी विचारलं नाही. अर्धांगवायूनंतर त्यांची वाचा गेली.

त्यांनी डावा हात उचलला. "पा... पा..."

"पाणी? पाणी येतंय, बाबा."

त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"पाइप? पान्हा देऊ?"

नाही. बोटांनी ते हवेत काहीतरी फिरवून दाखवत राहिले. मी दिसेल ते फिरवून पाहिलं. त्यांना सगळं ठाऊक होतं, मी हातभर अंतरावर उभी होते, आणि तरी ते माझ्यापर्यंत पोचत नव्हतं.

शेवटी शेगडीवर पाणी तापवलं. पाठीवर तांब्या ओतताना पुन्हा त्यांचा हात गिझरकडे गेला.

"हो बाबा, कळलं मला," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. लहानपणी गणित न समजताच मी मान डोलवायचे, तेव्हा ते असेच पाहायचे आणि पुन्हा पहिल्यापासून समजावायचे. या वेळी त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.