हाका मोजायचं काम

पैंजणाच्या कारखान्यात झाडलेला केर आमी टाकत न्हाय. त्यात चांदीचा भुगा असतोय. पोत्यात भरून ठेवायचा, वर्साकाठी आटवायचा. किस्स्यांचं बी तसंच हाय. झाडून झाडून कोपऱ्यात साठलेत. आज पोतं सोडतो.

हुपरीत एका घराच्या माडीवर आमी तिघं कामाला बसतो. मी, दिलप्या आणि शामूतात्या. तात्या सगळ्यात थोरला. घुंगरू बसवायला त्याचा हात कुणी धरत न्हाय, पर ऐकाय कमी येतंय. हात कामात, कान रिकामं, म्हणून फोन लावून ठेवायचा. मी पाचवी नापास. पुस्तक उघडलं की डोकं फिरतंय. आता फोनच पुस्तक वाचून ऐकवतोय. रोज एकाचा फोन, असा नेम हाय.

*

दिलप्याला यशस्वी व्हायचा नाद. एकदा फोनमधला बाबा वरडला, "जिथं बसलाय तिथनं उठा. बाहेर पडा."

दिलप्या खरंच पकड टाकून गेला. मी भाषण बंद केलं. गडी तासाभरानं आला.

"कुठं गेलतास रं?"

"बाहेर. पुढं काय करायचं ते ऐकायचं ऱ्हायलं."

पुन्यांदा लावलं, तर बाबा म्हणतोय, "आलात परत? बसा."

दिलप्या पकड घिऊन बसला.

*

गेल्या म्हैन्यात पैंजणाची कडी जोडताना मला तिचं तोंड दिसंना झालं. कुणाला बोललो न्हाय, बायकोला बी न्हाय. नुसतं डोळं चोळलं. फोनवर चष्म्याची जाहिरात!

"बोलला असशील," दिलप्या म्हणाला.

"आरं, बोललो न्हाय. नुसतं चोळलं."

त्यानं उठून फोन पालथा घातला. तवापास्नं आमच्यात फोन पालथाच असतोय.

*

फोनवर एक बाई सांगत हुती, ते एआय का काय आलंय, ते सगळ्यांची कामं खाणार. आधी हापिसातली माणसं जाणार, हातानं काम करणारी सगळ्यात शेवटी. दिलप्या खूश. "तात्या, आपुन शेवटपतूर हाय बघा."

तात्यानं मान बी वर केली न्हाय. "सगळी गेल्यावर आपुनच ऱ्हाणार व्हय? मग पैंजण घालणार कोण?"



*

तात्याची बायको, हौसाकाकी, दोन वर्सांमागं गेली. तिला लिवता येत नव्हतं, म्हणून जेवायच्या वक्ताला फोनवर बोलून धाडायची. "अवं, जेवाय या." ते सगळं निरोप तात्यानं जपलेलं. एक दिवस फोन चांदी उजळायच्या अ‍ॅसिडच्या भांड्यात पडला. तात्या भांड्यात हात घालाय निघालता, मी मनगाट धरलं.

पुण्याच्या लेकीकडं आईचं पाच-सा निरोप शिल्लक हुतं. त्यावरनं तिनं आईचा आवाज बनवला, नव्या फोनात घातला. हौसाकाकी पुस्तक वाचाय लागली! पयल्याच दिवशी म्हणाली, "शामराव, यशाची पायरी ऐका."

"आवाज तिचा हाय," तात्या म्हणाला. "पर ती न्हवं. चाळीस वर्सांत तिनं माझं नाव घेतलं न्हाय."

"मग बंद करू?"

"ऱ्हाऊ दे. कवातरी हाक मारंल."

आमच्याकडं भर दुपारी हाक आली तर लगीच ओ देत न्हाईत; ओ दिली की माणूस हाकंमागनं जातंय, म्हणत्यात. जे माणूस न्हाय त्याला दोनदाच हाक मारता येतीया. तिसरी आली तर आपलं माणूस.

"मला नीट ऐकू येत न्हाय," तात्या म्हणाला. "हाका तू मोज."

"याड लागलंय व्हय तुमाला?" मी खवळलो. पर व्हय म्हणून बसलो.

*

परवा बाराच्या टायमाला लाईट गेली. पंखा थांबला. तात्याचा फोन बॅटरी संपून सकाळपास्नं बंद, कोनाड्यात पालथा.

"अवं."

दिलप्याची पकड हातातच ऱ्हायली.

"अवं, ऐकलं का?"

मी जिन्यात जाऊन बघून आलो. कुणी न्हाय. आमची तोंडं बघून तात्यानं घुंगरू खाली ठेवलं.

"अवं, जेवाय या."

तात्या गुडघ्यावर हात टेकून उठायच्या बेतात. "किती झाल्या?"

"दोन," मी म्हणालो.

दिलप्या माझ्याकडं बघतच ऱ्हायला.

"मग थांबू की," तात्या म्हणाला, आणि कोनाड्याकडं कान करून बसला.