कागद खालून वाचणारे कायदेचाचा

कायदेचाचा कुठलाही कागद खालून वाचत. वर नुसते सलाम-दुवा असतात, खरी सुरी शेवटच्या ओळीत असते, असं त्यांचं म्हणणं. नोकरीचा करार असो की कुणाच्या मुलीच्या स्थळाचं पत्र, ते कपाळावरचा चष्मा खाली ओढत, बोट तळाशी ठेवत आणि नाकातून ‘हुं’ करत. त्या ‘हुं’मध्ये जेवढी तुच्छता मावायची, तेवढी मी पुढे कुणाच्या शिवीतही ऐकली नाही.

सन साठनंतरची ही गोष्ट. कुवेतच्या शर्क भागात, मासळीबाजारामागे, रत्नागिरीकडच्या एकाच गावातले आम्ही चौदा जण एका खोलीत राहत होतो. चाचा एका जहाज एजंटाकडे टायपिस्ट होते. कचेरीतली शिळी इंग्रजी वर्तमानपत्रं ते शुक्रवारी खोलीवर आणत आणि जेवण झालं की आम्हाला बातम्या समजावून सांगत. आम्ही पाय पसरून ऐकायचो, निम्मे तर घोरायचे.

एका शुक्रवारी त्यांनी अमेरिकेच्या कायद्याची बातमी काढली. गरीब देशांना धान्य मिळेल, कर्ज मिळेल. पण जो देश अमेरिकेच्या दुश्मनाशी व्यापार करील, त्याच्या पंगतीला बसेल, त्याची मदत बंद. आमच्या घरची माणसं तेव्हा रेशनवर तोच अमेरिकेचा लाल गहू खात होती, त्यामुळे झोपलेलेही जागे झाले. चाचांनी पेपरची घडी घातली. “गोणीला दोरी असते ती गोणीचं तोंड बांधायला,” ते म्हणाले. “ह्यांची दोरी खाणाऱ्याच्या गळ्यात. ह्याला मदत म्हणतात? बैल बाजारातून आणतात तेव्हा त्यालापण चाराच दाखवतात.”

हे सगळं आमचे सेक्रेटरी फार लक्ष देऊन ऐकत होते. सेक्रेटरी म्हणजे आमच्या गावच्या फंडाचे. फंडातून दर रमजानला गावातल्या विधवांच्या घरी वर्षाचा तांदूळ जायचा. निम्म्या खोलीला नोकऱ्या ह्याच माणसाने लावलेल्या, मलाही. त्यामुळे ते बोलले की आम्ही माना हलवायचो. चाचांनी जे थुंकून टाकलं, ते ह्या गृहस्थांनी अलगद उचलून खिशात घातलं होतं, हे आम्हाला पुढच्या बैठकीत कळलं.

गावात त्या वर्षी चांदावरून फाटलं होतं. खालच्या मोहल्ल्याने मुंबईच्या खबरीवर ईद केली. वरच्या मोहल्ल्याने स्वतःच्या डोळ्यांनी चांद बघून, एक दिवस उशिरा. आम्ही चौदाही जण वरच्या मोहल्ल्याचे. सेक्रेटरींनी ठराव मांडला की ज्या घराने वरच्या मोहल्ल्याबरोबर ईद केली नाही, त्याला फंडाचा तांदूळ नाही. असं घर एकच होतं, माझ्या विधवा मावशीचं, राबियाखालाचं. घर वरच्या मोहल्ल्यात, पण मुलगी खालच्या मोहल्ल्यात दिलेली. खालाने ईदचा शिरखुर्मा लेकीकडे खाल्ला होता. आई गेल्यावर मला ह्याच खालाने वाढवलं. त्या तांदळाशिवाय तिच्या घरात दुसरं काही येत नव्हतं.

ठराव लिहायचं काम चाचांचं. त्यांनी तो सुबक अक्षरात लिहिला, मग सवयीप्रमाणे खालून वाचला आणि चष्मा वर केला. “सेक्रेटरीसाहेब, आपण इथं ईद केली त्या दिवशी वरचा मोहल्ला रोज्यात होता. आपली ईद खालच्या मोहल्ल्याबरोबर झाली. फंडातून चौदाच्या चौदा नावं काटायला हवीत. पहिलं तुमचं लिवू?”

कुणीतरी हसलं आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. मला वाटलं, ठराव मेला. पण निर्लज्ज माणसाला कायदा कधी अडवत नाही. सेक्रेटरींनी शांतपणे सांगितलं, खाली एक ओळ घाला, परदेशातल्या मेंबरांना सूट. चाचांनी ती ओळही लिहिली, ‘हुं’ केलं आणि हात वर करायला सांगितले. हात वर झाले. माझाही झाला. तेरा हात मोजताना चाचांची नजर माझ्या हातावरून गेली, तोंडाकडे आली नाही. स्वतःचा हात त्यांनी वर केला नाही. वही सेक्रेटरींच्या पुढ्यात ठेवली आणि आपली ट्रंक ओढून काढली.

महिन्याभराने ते कायमचे गावी निघाले. मी बंदरावर ट्रंक उचलायला गेलो. वाटभर ते हवापाण्याचं बोलले. मी कशीबशी माफी मागायला लागलो, नोकरीचं कारण सांगायला लागलो, तर त्यांनी चष्मा खाली ओढला आणि मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, कागद बघायचे तसं.

“राबियाला मी काय सांगणार नाय,” ते म्हणाले. “माझी तुला मदत समज. हिच्याखाली कुठली ओळ नाय, बघून घे.”

त्यांनी शब्द पाळला. गावी ते आपल्या शेतातला तांदूळ खालाच्या घरी घालत राहिले, फंडाच्या नावाने नाही आणि माझ्याही नावाने नाही. मी पुढे कितीदा गावी गेलो, चाचांच्या ओटीवर बसलो, पण त्या बैठकीचा विषय त्यांनी काढला नाही. ते आधी गेले, मग खाला. शेवटपर्यंत ती आपल्याच समजुतीने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, कुवेतची सगळी खोली माझ्यावर उलटली, एक माझा भाचा तेवढा माझ्या बाजूने उभा राहिला.